बटणाला सासू नाय

आमच्या पेणच्या रामवाडीतल्या मालनमावशीची ओळख करून घ्यायची असेल, तर एक दिवस घराचं दार उघडं ठेवून बघा. ओळख आपोआप होईल.

रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो. मावशी आली, चपला काढल्या, आमच्या ताटांना वळसा घालून स्वयंपाकघरात गेली. फ्रिज उघडला, उभ्या उभ्या पेलाभर ताक प्यायली, पेला विसळून पालथा घातला आणि बाहेर येऊन वर आम्हालाच झापलं.

"मला कोणी अडवलं? नाय ना? काय चाललंय हे?"

"अगं मावशी, तू घरचीच की," माझी बायको म्हणाली.

"घरची हाय म्हणून फ्रिज माझा झाला? ओळख पटली, कबूल. पण ताक घ्यायची परवानगी कोणी दिली? तुमच्या फ्रिजला सासू नाय!"

हे 'सासू नाय' म्हणजे तिचं पालुपद. मावशी पूर्वी एका पतपेढीत कॉम्प्युटरवर बसायची. रिटायर झाल्यावर बाकीच्या बायका भजनाला लागल्या, ही प्लगिनच्या मागे लागली. प्लगिन म्हणजे वेबसाइटला जोडायचा तयार तुकडा. कोणी बुकिंगचा बनवतं, कोणी फोटोंचा. असल्या तुकड्यांतली भोकं शोधायची आणि बनवणाऱ्याला कळवायची, हा तिचा छंद. तिला नेहमी एकच भोक सापडायचं. प्लगिन नाव-पासवर्ड विचारून माणसाला आत घेतं आणि मग तो आत काय उद्योग करतो ते विचारतच नाही. साधं गिऱ्हाईक मालकाचं बटण दाबतं, आणि ते खुशाल दबतं.

"गेटवर वॉचमन हाय रे," मावशी समजावायची, "पण आत कोणी नाय. तिथं सासू लागते. प्रत्येक कपाटापाशी 'कुठं चाललीस गो, कोणाला इचारलंस' असं धरणारी."

सासू या विषयात तिचा अभ्यास दांडगा. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन पुण्याला, घरात सासू-सून दोघीच उरल्या. म्हातारी दारातली खुर्ची सोडायची नाही. मावशीचे केस पांढरे झाले तरी ती पिशवी घेऊन निघाली की खुर्चीतून तोफ सुटायची, "कुठं चाललीस गो? कोणाला इचारलंस?" मावशीही खमकी. "तुमच्या पिंडाला तांदूळ आणायला!" हे उत्तर अख्ख्या गल्लीला पाठ होतं. गेल्या उन्हाळ्यात म्हातारी गेली. "सुटले एकदाची," मावशी म्हणाली, आणि आम्हालाही ते खरंच वाटलं. लोकांच्या फ्रिजपर्यंत जायचं तिचं खूळ मात्र त्यानंतरचं.

आता माझी कथा. माझा गणपतीचा कारखाना आहे. यंदा बुकिंगसाठी वेबसाइट काढली. ती बनवली माझ्या मेहुण्याने, नितीनने, बुकिंगचं तयार प्लगिन जोडून. हा रोह्याला कंपनीत शिफ्ट करतो आणि उरलेल्या वेळात मला अक्कल शिकवतो. कोणाची मूर्ती, केवढी, कधी न्यायची, सगळं त्या वेबसाइटवर. ऐन आषाढ, बुकिंग भरात आलेलं. आमची वर्षाची भाकरी याच दिवसांवर, म्हणून मी आधीच फुटाणा झालेलो. त्यात सकाळी सकाळी रोह्याच्या जुन्या गिऱ्हाइकाचा फोन.

"शेठ, यंदा नवीन मॉडेल काढलंत का? ही म्हातारी किती फुटांत मिळेल?"

वेबसाइट उघडून बघतो तर काय! सिंहासनावरचा गणपती गायब, मोरावरचा गायब, शाडूचा छोटाही गायब. प्रत्येक चौकटीत मालनमावशीची सासू! नऊवारी, हातात काठी, कपाळाला आठ्या. खाली लिहिलेलं, 'फेटा हवा असल्यास इथे खूण करा.'

मी तरातरा मावशीकडे गेलो. ती शांतपणे वाल सोलत बसली होती.

"गिऱ्हाईक म्हणून आत शिरले," ती म्हणाली, "आणि मालकाचं फोटो बदलायचं बटण दाबलं. दबलं! दिनू, तुझ्या बटणाला सासू नाय. उद्या कोणी वाईट माणूस शिरला आणि बुकिंगची उलटापालट केली, तर चतुर्थीला लोकांनी पाटावर काय बसवायचं?"

माझा राग जागच्या जागी विरला. खरंच होतं तिचं. एक जरी घर गणपतीवाचून राहिलं असतं, तरी पेणमध्ये तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"पण मावशी, हाच फोटो?"

"दुसरा नव्हता," ती म्हणाली आणि वालांत तोंड घातलं.

नितीनला फोन केला. "पासवर्ड हाय ना दाजी, मग टेन्शन नाय." मावशीने फोन माझ्या हातातून ओढला आणि त्याला असा सोलला की तो शिफ्ट बुडवून पेणला आला. फोटो परत लावले. पण प्लगिन काढलं तर बुकिंगच बंद, आणि भोक बुजवायचं ते प्लगिन बनवणाऱ्यांनीच. मावशीने त्यांना इंग्रजीत कळवलं की तुमच्या बटणाला सासू नाही, ताबडतोब बसवावी. त्यांनी विचारलं, सासू म्हणजे काय, स्क्रीनशॉट पाठवा. स्क्रीनशॉटमध्ये म्हातारीच म्हातारी. 'समजलं, दुरुस्त करतो,' असं उत्तर आलं. त्यांना काय समजलं देव जाणे.

तोवर मावशीने कारखान्यात ठाण मांडलं. मांडीवर लॅपटॉप, आजूबाजूला रंगाच्या प्रतीक्षेतले गणपती. नवीन बुकिंग आलं की ही त्या गिऱ्हाइकाला फोन लावायची. "कोण तू? एवढी मोठी मूर्ती कोणाला इचारून घेतलीस? घराचं दार केवढं हाय?" एकाने घाबरून मूर्तीची उंची कमी करून घेतली. मी कपाळावर हात मारला, पण बुकिंग एकही हललं नाही.

अखेर दुरुस्ती आली. नितीनने ती चढवली. मावशी पुन्हा गिऱ्हाईक होऊन आत शिरली आणि मालकाचं बटण दाबलं. स्क्रीनवर अक्षरं आली, 'क्षमस्व. तुम्हाला याची परवानगी नाही.'

"जिंकलो!" मी ओरडलो आणि नितीनला पेढे आणायला पिटाळलं.

मावशी हललीच नाही. तिने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच वाक्य. पुन्हा दाबलं. मला वाटलं, अजून काही बिघाड आहे. वाकून बघतो तर तिचे डोळे भरून आलेले.

"अडवलं रे," ती म्हणाली. "म्हातारी गेल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी मला अडवलं." तिने पदराने डोळे टिपले. "बाजारात जाते, येते, दार ओढते, उघडते. कोणी काय म्हणत नाय. तुझ्या फ्रिजपर्यंत गेले, तरी कोणी काय म्हटलं नाय."

मावशीने लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला, पायांत चपला सरकवल्या आणि दाराकडे निघाली. मला काय सुचलं कोण जाणे, हातात रंगाचा ब्रश तसाच, मी खच्चून ओरडलो,

"कुठं चाललीस गो? कोणाला इचारलंस?"

मावशी उंबऱ्यावर जागीच थांबली. आता पिंडाचं काहीतरी ऐकायला मिळणार म्हणून मी तयारीतच होतो. तिने मागे वळून बघितलं, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"तांदूळ आणायला चालले," ती हळूच म्हणाली. "दिवेलागणीच्या आत येते. जाऊ?"