दोन बारीक रेघा

लेलँड थिबो स्कीचे अवजड बूट घालून, फ्रिजला कंबर टेकवून, गुडघे वाकवून स्वयंपाकघरात उभा होता. व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं तसा तो डावीकडे कलला आणि फ्रिजवरची मेपल सिरपची बरणी खाली आली.

"पडलास का?" आतून बायकोने, डोरीनने विचारलं.

"मी नाही. सिरप पडलं."

"मग प्रगती आहे."

अठ्ठावन्नाव्या वर्षी लेलँडला स्कीच्या कडेवर वळायला शिकायचं होतं. स्की तिरपी करायची, तिची धारदार कड बर्फात रुतवायची आणि न घसटता वळायचं. मागे पेन्सिलीने काढल्यासारख्या दोनच बारीक रेघा उरतात. लेलँड मात्र चाळीस वर्षं, करपलेलं पातेलं खरवडावं तसा खर्र खर्र करत उतरत होता. "मी वरून निघालो की खाली लोकांना आधी बर्फ मिळतो, मग मी," असं तो स्वतःच सांगायचा. व्हरमाँटमधल्या आमच्या टेकडीवर निम्मे लोक असेच उतरतात, मीही त्यातलाच. पण आम्ही त्यासाठी शिकवणी लावत नाही.

शिकवणी दर बुधवारी, टेकडीवर स्की शिकवणाऱ्या ओडेटकडे. सहा बुधवार तिचं एकच पालुपद चालू होतं. "लेलँड, स्कीच्या टोकांकडे काय बघतोस? ती पळून जात नाहीत. वर बघ!"

"वर बघितलं की उतार दिसतो गं."

सातव्या बुधवारी सगळा वर्ग तारेवरून टेकडीवर नेणाऱ्या पाळण्यांतून वर चालला होता. खाली रात्री यंत्राने सारखा केलेला कोरा बर्फ, आणि त्यावर वरपासून खालपर्यंत दोन देखण्या रेघा. लेलँडच्या शेजारी बसलेली ओडेट वाकून बघू लागली.

"आज पहिल्या पाळण्याने तूच गेलास ना? या तुझ्या?"

लेलँड गेला होता खरा, पण उतरला होता कडेकडेने, झाडांच्या आडोशाने. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "असतील."

त्या 'असतील'ने घोटाळा केला. ओडेटने फोटो काढला. दुपारपर्यंत तो खालच्या उपाहारगृहात लागला, खाली लेलँडचं नाव. संध्याकाळी ओडेटचा फोन आला, "शनिवारी पॅनकेकच्या जेवणाला सगळं गाव असेल. तेव्हा तू एकट्याने उतरून दाखवायचंस. मी सांगून टाकलंय."

लेलँडची झोप उडाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच गावाने त्याच्या स्कीचं कौतुक केलं होतं, आणि ते शनिवारी सगळ्यांदेखत पाण्यात जाणार होतं. खऱ्या रेघावाल्याला गाठून, माझ्याजागी उतर म्हणून हातापाया पडायचं, एवढाच मार्ग होता. पाळणे नऊला सुरू होतात. त्याआधी काही हौशी लोक मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला पट्ट्या चिकटवून पहाटे पायीच वर चढतात. त्यांतलाच कुणी असणार, म्हणून शुक्रवारी उजाडायच्या आत तो पायथ्याच्या शेडमागे दबा धरून बसला.

कुणीतरी आलं. ना खर्र, ना खुर्र. सुरेख वळणं घेत खाली येऊन थांबलं आणि हेल्मेट काढलं.

"डोरीन? तू तर सकाळी पोहायला जातेस!"

"तलाव बंद होऊन दोन वर्षं झाली, लेलँड."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू फ्रिजला टेकून रोज घाम गाळतोयस. तुला काय सांगू, मला जमतं म्हणून?"

लेलँडला भरून आलं. पण शनिवार उद्यावर होता, म्हणून त्याने ते आवरलं. "उद्या माझं जाकीट घालून तू उतर. मी झाडीतल्या वाटेने येतो, शेडमागे अदलाबदल करू. हेल्मेट, गॉगल... कोण ओळखणार?"

डोरीनने हेल्मेट काखेत मारलं. "बरं," ती म्हणाली.

शनिवारी आम्ही सगळे उपाहारगृहाच्या ओसरीवर ताटल्या घेऊन बसलो होतो. वरून लेलँडचं नारिंगी जाकीट निघालं, सळसळत खाली आलं आणि मागे दोन रेघा उमटल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि गाव एका सुरात ओरडलं, "वा, डोरीन!"

आमच्या टेकडीवर माणूस तोंडावरून ओळखतच नाहीत, तोंडं झाकलेलीच असतात. ओळखतात ते वळणावरून. त्या रेघा कुणाच्या, हे ओडेटला बुधवारीच कळलं होतं आणि आम्हाला फोटो बघून. लेलँड किती ताणतो, तेवढंच बघायचं होतं.

ओडेटने कर्णा उचलला. "लेलँड, झाडामागून बाहेर ये. पॅनकेक गार होतायत!"

वर, बायकोच्या जांभळ्या जाकिटात कोंबलेला लेलँड लाजेने अर्धा झाला. लबाडी उघडी पडली त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. पण सगळ्या गावाने जिला ओळखलं, तिच्याकडे तिच्या नवऱ्याने लग्नाच्या एकतीस वर्षांत कधी मान वर करून बघितलंच नव्हतं. हे मात्र त्याला लागलं.

खाली डोरीन हात हलवत उभी होती. तो तिच्याकडे बघत निघाला. खर्र खर्र ऐकू आलं. "आला लेलँड," कुणीतरी न बघताच म्हणालं आणि आम्ही ताटलीत मान घातली.

अचानक आवाज थांबला.

"पडला!" म्हणत सगळी ओसरी उठून उभी राहिली. तर लेलँड पडला नव्हता. मान वर, नजर डोरीनवर, आणि मागे बर्फात दोन बारीक रेघा. एक वळण. दुसरं वळण.

मग त्याने टोकांकडे बघितलं. खर्र सुरू झालं. आम्ही निर्धास्त होऊन खाली बसलो आणि सिरप मागितलं.