सुमनमावशींचं बाळ जेवत नाही

आमच्या पंचवटीतल्या बिल्डिंगमध्ये सुमनमावशींच्या घरी दोन फ्रिज आहेत. मोठ्यात दूध, भाजी, कोथिंबीर. छोटा बाल्कनीत, कुलूप लावलेला. त्यात गोठवलेले उंदीर. मावशी स्वतः चातुर्मासात कांदासुद्धा खात नाहीत.

उंदीर बाळासाठी. बाळ म्हणजे त्यांच्या भाच्याचा साप: परदेशी जातीचा, बिनविषारी, रीतसर कागदपत्रं असलेला आणि जाडीला जेमतेम माझ्या पेनाएवढा. भाचा प्रथमेश नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि 'थोडे दिवस सांभाळ' म्हणून साप मावशींकडे ठेवून गेला.

मावशींनी तीस वर्षं जेवणाचे डबे चालवले. त्यामुळे प्रथमेशच्या सूचना त्यांना एकदा ऐकून पाठ झाल्या. घास बाळाच्या अंगापेक्षा जाड नको. जिवंत उंदीर मुळीच नको, तोच बाळाला चावायचा. गोठवलेलं उंदराचं पिल्लू पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवायचं, गॅसवर नाही. भरवायचं लांब चिमट्याने. जेवल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. "पोट भरल्यावर उचललेलं तुला तरी आवडेल का गं?" मावशी मला विचारायच्या.

एवढं करून बाळ तीन आठवडे जेवलं नाही. प्रथमेशने फोनवर सांगितलं, या रविवारीही नाही खाल्लं तर पुण्याचा मित्र येऊन त्याला घेऊन जाईल.

रविवारी दुपारी मावशी आमच्या दारात. "तू इंग्लिश मीडियमची ना? बाळाच्या डॉक्टरांनी दिलेला कागद इंग्रजीत आहे. माझं काय चुकतंय बघ."

कागदाप्रमाणे काहीच चुकत नव्हतं. मग मी त्यांना भरवताना पाहिलं. बाळाच्या काचेच्या पेटीला नाक लावून, चिमटा हलवत त्या म्हणत होत्या, "घे रे राजा. एवढुसं तर आहे. माझ्यासाठी एक घास. बरं, अर्धा घे." बाळ मागे सरकत लाकडाच्या ओंडक्याखाली गेलं. चिमटाही मागोमाग गेला.

लग्नात कुणी जिलबीचं ताट घेऊन माझ्यासमोर उभं राहिलं की माझं नेमकं असंच होतं.

"मावशी, त्याला आग्रह नको करूया."

"आग्रह केल्याशिवाय कोण जेवतं?"

"मी."

मावशींनी चिमटा मागे घेतला. मग पिल्लू बशीत ठेवून बशी ओंडक्याजवळ सरकवली, पेटीवर टॉवेल टाकला आणि आम्ही बाहेर गॅलरीत बसलो. अर्ध्या तासात त्या तीनदा उठल्या. तिन्ही वेळा मी त्यांचा पदर धरून त्यांना खाली बसवलं. एरवी मी कुणाला साधी हाकही मारत नाही.

टॉवेल काढला तेव्हा बशी रिकामी होती आणि बाळाच्या मधोमध एक छोटा फुगवटा होता.

मावशींनी तिथूनच जर्मनीला फोन लावला. "त्या पुण्याच्या मुलाला कळव. यायचं तर जेवायला ये म्हणावं. न्यायला नाही." खालच्या दुकानदारापासून गच्चीवरच्या पाणीवाल्यापर्यंत सगळ्यांना बातमी गेली. रिक्षावाल्या तात्यांनी तर हॉर्न वाजवून दाखवला.

मग साबणाने हात धुऊन मावशींनी स्वतःचं ताट वाढून घेतलं. दुपारचे साडेतीन वाजले होते.

"तुम्ही अजून जेवला नव्हता?"

"घरातलं माणूस उपाशी, आणि मी आधी जेवू?" त्या वरणभात कालवत म्हणाल्या. "मागचे तिन्ही रविवार मी रात्री नुसतं दूध पिऊन झोपले."

मी न विचारता मांडणीवरून दुसरं ताट काढलं. ते आधी धुवावं लागलं. त्यावर धूळ बसली होती.