बिनपावतीचा आंबा

आमच्या शेजारचे खळदकर रोपवाटिकेत गेले की किंमत विचारत नाहीत. "आई कुठे आहे?" असं विचारतात.

एकदा एका रोपवाटिकेत त्यांनी हे विचारलं तेव्हा मी सोबत होते. मालक गोंधळून म्हणाला, "आई गावाला गेलीय."

"झाडाची आई गावाला जात नाही," खळदकर म्हणाले. "दाखवा."

मिहिर, सई, तुम्हा मुलांना आंबा दुकानातच भेटतो, म्हणून आधी हे सांगते. चांगल्या आंब्याचं रोप कोयीपासून करत नाहीत. कोय आपल्या मर्जीची असते, गोड आंब्याच्या पोटी आंबट निघू शकतो. म्हणून हव्या त्या झाडाची काडी कापून दुसऱ्या रोपावर बांधतात. त्याला कलम म्हणतात, आणि काडी ज्या झाडाची, ती त्या कलमाची आई. चांगल्या रोपवाटिकेत या आया आवारातच उभ्या असतात. खळदकर आईभोवती एक फेरी मारतात, तिचं एक पान आणि कलमाचं एक पान चुरगाळून आळीपाळीने हुंगतात, आणि बहुधा "वास जुळत नाही" म्हणून रिकाम्या हातांनी परत येतात.

खळदकर जकात नाक्यावर नोकरीला होते. ट्रक अडवायचा आणि विचारायचं, "माल कुठून आला? पावती दाखवा." पुढे जकात गेली, नाके गेले, प्रश्न मात्र खळदकरांकडे राहिला. दिवाळीत मी चकल्या पाठवल्या तर ताट हातात घेऊन म्हणतात, "वहिनी, भाजणी कुणाची?" कर्वेनगरात आमच्या गल्लीत नवा जावई आला तरी तो आधी खळदकरांना घाबरतो, सासऱ्यांना नंतर.

मी एकदा त्यांना न विचारता हातगाडीवरून हापूसचं रोप घेतलं होतं. मी खड्डा खणून घेत होते, ते कुंपणापलीकडून बघत होते.

"घेतलंत? छान. सावली पडेल."

"का? आंबे नाही येणार?"

"हापूसला समुद्राची हवा लागते, वहिनी. आपल्याकडे नळाला पाणीसुद्धा एक वेळ येतं. इथल्या कोरड्या हवेत केशर लावावा."

आता सावली चांगली पडते.

अशा माणसाच्या स्वतःच्या अंगणातला आंबा मात्र बिनआईचा. त्यांच्या पत्नी विमलताई एकदा धुण्याच्या दगडावर बसून आंबा चोखत होत्या आणि कोय त्यांनी तिथेच मागे टाकली. ती रुजली. "बिनपावतीचा माल," म्हणून खळदकर रोप उपटायला निघाले. विमलताई म्हणाल्या, "उपटा की. आणि उद्यापासून चहा आपला आपण करून घ्या."

झाड राहिलं. लहान, केसाळ, चोखायचे आंबे, पण त्यांना कापरासारखा एक वास. सईच्या पिवळ्या फ्रॉकवरचा जो डाग कधी निघाला नाही, तो याच आंब्याचा. विमलताई गेल्या. त्यानंतर दर उन्हाळ्यात खळदकर स्वतः घरोघर आंबे द्यायचे आणि आपण खाईपर्यंत दारातच उभे राहायचे. गोड आहे म्हटलं की मान खाली घालून म्हणायचे, "कोय कुणाची होती, माहीत नाही." जणू माफीच मागताहेत.

गेल्या वर्षी फाल्गुनात त्या झाडाच्या बुंध्याशी भुसा पडायला लागला. खोडाला भिरूड लागली होती. ही कीड झाड आतून पोखरते. तपासायला आलेल्या माणसाने बुंध्यावर टकटक केलं आणि तो पोकळ आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. "पावसाआधी काढा," तो म्हणाला. "पडलं तर या बाईंच्या छपरावर पडेल."

खळदकर संध्याकाळी कुंपणाशी आले. "वहिनी, तुम्हाला भीती वाटते?"

"वाटते," मी म्हणाले. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, मोठी फांदी माझ्या गॅसच्या बरोबर वर होती. वळवाचा वारा सुटला की मी दूध उतरवून बाहेरच्या खोलीत जाऊन बसे. आणि खिडकीतून बघावं तर खळदकर झाडाखाली खुर्ची टाकून बसलेले, पडलं तर झेलणार असल्यासारखे. मग छपराची काळजी कमी आणि त्यांची जास्त.

झाड काढायचं ठरलं. पण ते जाण्याआधी त्याचं कलम करून घ्यायला हवं होतं, नाहीतर तो आंबा कायमचा गेला. कोय लावून उपयोग नव्हता, तिच्यातून काय निघेल कुणी सांगावं. खळदकर रोपवाटिका शोधत फिरू लागले. एकट्याने रिक्षात चढणं त्यांना आता जमत नसे, म्हणून मीही दर वेळी जाऊ लागले.

बिबवेवाडीत एकाकडे नुसत्या शोभेच्या कुंड्या. दुसऱ्याने विचारलं, "जात कुठली आंब्याची?" नाव नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मग कशाला त्रास घेताय काका? केशर न्या, मस्त येतो." तिसरा म्हणाला, "रायवळ आहे ना, कोयीतून आलेला? त्याच्या कोया आणा, खाली खुंट म्हणून वापरू. वर चांगली जात बांधू." जन्मभर जो प्रश्न खळदकर दुसऱ्यांना विचारत आले, त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

शेवटी हडपसरला, दोन उंच इमारतींच्या मधे उरलेल्या तुकड्यात सुनंदाबाईंची रोपवाटिका सापडली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हातातली पाण्याची नळी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "आई कुठं हाय?"

खळदकर बघतच राहिले.

"आई बघितल्याबिगर मी काडी बांधत न्हाई. रोगाची काडी आली तर माझी बाकीची रोपं जायची."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. झाडाभोवती फेरी मारली, पान चुरगाळलं, हुंगलं. खळदकर मुलगी दाखवणाऱ्या बापासारखे बाजूला उभे. सुनंदाबाईंनी वरच्या एका निरोगी फांदीच्या काड्या उतरवून घेतल्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळल्या.

"मूळ कुठलं हिचं?"

खळदकरांनी दगडाकडे बोट केलं. "मूळ इथलंच. धुण्याच्या दगडापाशी."

"बरं," बाई म्हणाल्या. "ऊन लई हाय. सगळी जगायची न्हाईत, आधीच सांगते."

मग फोन सुरू झाले. खळदकरांना नीट ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांचे फोन गल्लीला ऐकू येतात. "पालवी फुटली का?" पलीकडून बाई ओरडत, "काका, झाड हाय, बाळंतीण न्हाई." एकेक कलम वाळत गेलं. आभाळ भरून यायला लागलं, तोडणाऱ्यांनी दिवस दिला, आणि त्याच सुमारास शेवटच्या काडीला दोन तांबूस पानं आली.

"आताच हलवायचं न्हाई," सुनंदाबाई म्हणाल्या.

"एका सकाळपुरतं द्या. दुपारी परत आणतो." आणि मग खळदकर म्हणाले, "कृपा करा." हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

झाड तोडायच्या दिवशी सकाळी ते रोप मांडीवर घेऊन रिक्षातून उतरले. पिशवी त्यांनी धुण्याच्या दगडापाशी, जुन्या बुंध्याला टेकवून ठेवली आणि समोर खुर्ची टाकून बसले. तोडणारे दोर आणि करवत घेऊन आले होते. मी त्यांना चहा दिला, मग पुन्हा दिला. आभाळ काळं होत चाललं होतं.

"अहो खळदकर," मी म्हणाले, "माणसं खोळंबलीत."

"खोळंबू देत, वहिनी." त्यांनी रोपावरून नजर हलवली नाही. "आईला नीट बघून घेऊ दे त्याला. उद्या कुणी विचारलं, तर सांगता आलं पाहिजे."