एका पंपाचे व्यवस्थापन

"उद्याचा इंजिनियर हातात पाना धरणार नाही! तो पाना धरणाऱ्यांना दिशा देईल!"

एवढे बोलून विभागप्रमुखांनी न्याहारीच्या टेबलावर मूठ आपटली. टेबल डावीकडे कलले, आणि कपातला चहा थेट त्यांच्या भाषणाच्या कागदावर गेला.

"दिशा मिळाली बघा चहाला," बायको फडके शोधत म्हणाली. "अहो, त्या पायाचा स्क्रू कधीपासून सांगतेय मी."

"स्क्रू आवळणं हे माझ्या पातळीवरचं काम नाही."

"मग पातळीवरून जरा खाली वाका. टेबलाचे पाय खालीच असतात."

विभागप्रमुखांनी हा विषय वाढवला नाही. आज त्यांची लढाई मोठी होती. इंजिनियरिंग कॉलेजात ते अभियांत्रिकी व्यवस्थापन शिकवत. इतर विभागांत मुले यंत्र कसे चालवायचे ते शिकत. यांच्या विभागात ते दुसऱ्याकडून कसे चालवून घ्यायचे ते शिकत. त्यासाठी त्यांनी प्रात्यक्षिक परीक्षेला एक नियम घालून दिला होता: जो विद्यार्थी हत्याराला स्वतः हात लावील, त्याचे गुण कापले जातील. पहिल्या वर्षी आलेली मुले जुन्या सवयीने स्क्रूड्रायव्हर उचलत. शेवटच्या वर्षापर्यंत ही खोड पार जिरलेली असे. मग वर्गातला पंखा फिरत नसेल, तर मुले पंख्याकडे न पाहता आधी अध्यक्ष निवडत.

एवढी तयार मुले, पण त्यांना घ्यायला कोणी येईना. शेवटी प्राचार्यांनी बोलावून सांगितले होते, "या वर्षी तुमच्या विभागातून निदान एक जण नोकरीला लागला नाही ना, तर विभाग बंद. तुम्ही परत मेकॅनिकलला." मेकॅनिकलचा प्रमुख हा एके काळचा त्यांचाच विद्यार्थी, आणि तोही त्यांनी नापास केलेला. त्याने आत्तापासूनच पॅसेजमध्ये भेटला की "या सर, जागा ठेवलीय" म्हणायला सुरुवात केली होती. खिडकीजवळची का, असे विचारायचेही धाडस विभागप्रमुखांना होत नव्हते.

आणि आज एका मोठ्या कंपनीच्या बाई प्रात्यक्षिक परीक्षा पाहायला येणार होत्या.

प्रयोग साधा होता. खाली पाण्याचा पिंप, वर भिंतीला टाकी, मध्ये पंप. खालचे पाणी वर चढवायचे. हत्याराची कामे करायला प्रयोगशाळेत एक सहायक असे. मुले त्याला सूचना देत आणि तो त्या न ऐकता काम नीट करत असे. आज तो नव्हता.

"कुठे गेला?" विभागप्रमुखांनी विचारले.

"मेव्हणीच्या लग्नाला, सर. तुम्हीच रजा दिलीत," प्रकल्पप्रमुख म्हणाला. हा उंच मुलगा पहिल्या दिवसापासून टाय लावून येई.

खरे होते. मंजुरी देणे हे व्यवस्थापन असल्यामुळे विभागप्रमुख ती कधी वाचून देत नसत.

"मग पाइप कोणी जोडला?"

"तोच काल जोडून गेलाय. एक नट तेवढा हाताने लावलाय म्हणाला. पान्याने आवळून घ्या म्हणाला."

"मग?"

"आम्ही त्याची नोंद घेतली, सर."

तेवढ्यात बाई आल्या. साधा सुती पोशाख, पायात बूट, बोलणे मोजके. विभागप्रमुखांनी चहा सांडलेले भाषण वाचले. जिथे अक्षरे पुसली होती तिथे 'नेतृत्व' हा शब्द घातला. कुठेही नीट बसला. मग मुलांनी आपापली ओळख करून दिली. एक प्रकल्पप्रमुख, एक जोखीमप्रमुख, एक सुरक्षाप्रमुख, एक संवादप्रमुख.

"आणि काम कोण करणार?" बाईंनी विचारले.

मुलांनी अतिशय सभ्यपणे एकमेकांकडे पाहिले.

"काम होईल, मॅडम," विभागप्रमुख घाईने म्हणाले. "बटण तुमच्या हस्ते."

बटण दाबणे हे काम नसून उद्घाटन असते, एवढा अपवाद नियमात होता. बाईंनी बटण दाबले. टाळ्या झाल्या. पंप घरघरला, आणि त्या हाताने लावलेल्या नटामधून पाण्याची एक बारीक पिचकारी उडून थेट प्रकल्पप्रमुखाच्या टायवर बसली.

"बंद करू का?" बाईंनी हात पुढे केला.

"नको, नको!" विभागप्रमुख मध्ये पडले. "हीच तर खरी परीक्षा. अडचण आली की आमची मुलं काय करतात ते आता बघाच!"

मुलांनी मीटिंग बोलावली.

"ही गळती मी कालच सांगितली होती," जोखीमप्रमुख अभिमानाने म्हणाला. त्याने लॅपटॉप उघडून दाखवला. पडद्यावर लाल चौकोनात 'गळतीची शक्यता' असे खरोखरच लिहिले होते. "अंदाज तंतोतंत बरोबर आलाय."

"छान," प्रकल्पप्रमुख टाय पिळत म्हणाला. "मग आता बटण बंद करणं कोणाच्या अखत्यारीत येतं?"

"सुरक्षा," सगळे म्हणाले.

"मी आदेश दिलाय," सुरक्षाप्रमुख म्हणाला.

"कोणाला?"

"संवादप्रमुखांना."

"मी ग्रुपवर टाकलंय," संवादप्रमुख मुलगी मोबाइल उंच धरून म्हणाली. "सगळ्यांनी पाहिलंय. दोघांनी अंगठाही दिलाय."

पिचकारी आता चांगली मनगटाएवढी झाली होती. पाणी भिंतीवरून ओघळत विजेच्या बोर्डाकडे निघाले. बाई खुर्ची मागे मागे घेत होत्या. विभागप्रमुखांच्या डोळ्यांपुढे मेकॅनिकलचा तो नापास विद्यार्थी हसत उभा राहिला. ते प्रकल्पप्रमुखाच्या कानाशी लागले.

"अरे, आवळ ना तो नट!"

"सर, गुण जातील."

"नाही कापत मी गुण!"

"म्हणजे नियम बदलला का, सर?"

"बदलला! आत्ता! या क्षणी!"

"पण सर, तुम्हीच शिकवलंत," मुलगा समजावणीच्या सुरात म्हणाला, "की वरिष्ठ घाबरून तोंडी बदल सांगतात, तेव्हा कनिष्ठांनी डोकं शांत ठेवावं. नाहीतर प्रकल्प बुडतो."

"बुडतोयच, गाढवा!"

"सर, ही भाषा टीमच्या मनोबलाला घातक आहे," संवादप्रमुख म्हणाली.

पाणी बोर्डापासून वीतभरच लांब उरले. तेव्हा विभागप्रमुखांना काय झाले, ते त्यांनाही नंतर नीट सांगता आले नाही. त्यांनी झेप घेऊन बटण बंद केले. कोट काढून जोखीमप्रमुखाच्या लॅपटॉपवर फेकला, फडक्याने बोर्डाकडचा ओघळ अडवला, खोक्यातून बरोबर मापाचा पाना काढला आणि ओल्या फरशीवर गुडघे टेकले. तरुणपणी त्यांनी काही काळ एका कारखान्यात पंपांवर काढला होता. पुढे पदव्या वाढल्या तशी ती गोष्ट ते लोकांना सांगेनासे झाले होते. हातांना मात्र कोणी पदवी दिली नव्हती. नट उलटा फिरवून आतला वायसर त्यांनी सरळ बसवला, मग दोन झटक्यांत नट आवळला आणि पंपाच्या पाठीवर म्हशीला थोपटावे तशी थाप मारली.

"चालू करा!" ते गरजले.

बाईंनी बटण दाबले. नट कोरडा ठणठणीत राहिला. वर टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. विभागप्रमुख भान विसरून हसले. गेल्या कित्येक वर्षांत सहायक सोडून विभागातल्या कोणी प्रत्यक्ष केलेले हे पहिलेच काम होते.

"अभिनंदन, टीम!" प्रकल्पप्रमुखाने जाहीर केले. सगळ्यांनी एकमेकांशी हात मिळवले. विभागप्रमुखांचे हात ओले असल्यामुळे त्यांना वगळण्यात आले.

मग बाई म्हणाल्या, "मी जरा स्पष्ट बोलू?"

"बोला," विभागप्रमुख फरशीवरूनच म्हणाले.

"आमच्याकडे एका पंपामागे तीन मॅनेजर आहेत. पंप बंद पडला की तिघेही मीटिंगला जातात. मीटिंग मीच बोलावते, त्यामुळे मला माहीत आहे. तुमच्या मुलांत खोट काहीच नाही. अगदी आमच्यासारखेच आहेत. म्हणून तर जागा नाही."

विभागप्रमुखांचा चेहरा पडला.

"पण पंपघरात शिफ्ट इंजिनियर हवाय. वर्षभर शोधतोय. येणारा प्रत्येक जण मुलाखतीत विचारतो, हाताखाली किती माणसं मिळतील." त्यांनी वाकून नटावर बोट फिरवून पाहिले. "तुम्ही याल का?"

ते उत्तर देणार एवढ्यात प्राचार्य धापा टाकत दारात आले. "काय झालं? घेतलं का कोणाला?"

"एकाला," बाई म्हणाल्या.

"वा! म्हणजे विभाग वाचला! आहे तरी कोण तो हिरा?"

सगळ्या मुलांनी एकमुखाने खाली बोट दाखवले. एवढे एकमत त्यांच्यात पहिल्यांदाच झाले होते. प्राचार्यांनी आधी फरशीकडे पाहिले, मग तिच्यावर बसलेल्या हिऱ्याकडे. थोडा वेळ त्यांच्या मनात नियमांची पाने उलटत असावीत.

"मी 'विद्यार्थी' म्हणालो नव्हतो," ते शेवटी म्हणाले. "'विभागातून एक जण' म्हणालो होतो. चालेल. विभाग राहील."

"पण मी गेलो, तर प्रमुख कोण होणार?" विभागप्रमुखांनी कसेबसे विचारले.

"प्रमुख?" प्राचार्यांनी खोलीभर नजर फिरवली. "इथं प्रमुखांची काय कमी आहे?"

सगळी मुले किंचित ताठ झाली. प्राचार्य बाईंना घेऊन चहाला गेले. विभागप्रमुख एकटेच ओल्या बाह्या पिळत, जावे की न जावे याचा विचार करत बसले. आपण वर्षानुवर्षे काय शिकवले, आणि आज ते कोणाच्या उपयोगी पडले, हेही त्यांच्या मनात घोळू लागले होते. इतक्यात शेजारी कोणीतरी उकिडवे बसल्याचे त्यांना जाणवले. प्रकल्पप्रमुख होता. त्याने टाय सोडून खिशात घातला होता आणि आवाज अगदी खाली आणला होता.

"सर, तिथं रुजू झालात की..."

"हं?"

"आमच्यासाठी तेवढा शब्द टाका ना."