पहिल्या विजेत्या बाईंची सर्व्हिस

टॅक्सी कॉलेजच्या रस्त्याला वळली तेव्हा मावशींनी पर्समधून छोटा आरसा काढला, केस नीट केले आणि विचारलं, "टेबल सावलीत मांडलंय ना?"

"हो हो, सगळी व्यवस्था चोख आहे," ग्रंथपाल म्हणाले. त्यांना वाटलं, चहाचं टेबल.

"नाही, ऊन डोळ्यांवर आलं की चेंडू दिसत नाही, म्हणून म्हटलं. आणि वारा असला तर खेळच संपला. आमच्या वेळी हॉलची एक खिडकी उघडू द्यायचे नाहीत."

ग्रंथपाल हसले. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं.

"मावशी, टेनिसच्या कोर्टाला खिडक्या कशा असतील?"

"टेनिसच्या नसतील. मी टेबल टेनिसच्या हॉलचं बोलतेय."

मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन टेनिस स्पर्धेचं हे सुवर्णमहोत्सवी वर्ष होतं, आणि स्पर्धेचा इतिहास लिहायचं काम प्राचार्या बाईंनी ग्रंथपालांच्या गळ्यात घातलं होतं. ग्रंथपालांनी आयुष्यात रॅकेट धरली होती ती फक्त डास मारायची. पण प्राचार्या बाईंना नाही म्हणायची पद्धत कॉलेजात नव्हती. त्यांनी महिनाभर जुनी वर्तमानपत्रं चाळली आणि त्यांच्या लक्षात आलं, की बायकांच्या खेळाचा इतिहास लिहिण्यात एक मोठी गोम आहे. पुरुष खेळाडू जिंकतो आणि त्याच नावाने म्हातारा होतो. मुलगी जिंकते, तिचं लग्न होतं, आडनाव बदलतं, आणि इतिहास दारात उभा राहून बेल वाजवत बसतो. आत त्या नावाचं कोणी राहतच नाही.

पहिल्या वर्षीच्या विजेतीचं माहेरचं नाव त्यांना मिळालं होतं, पण त्यापुढे गाडी हलेना. एकदा वैतागून त्यांनी ते नाव बायकोसमोर उच्चारलं. बायको म्हणाली, "अहो, हे तर आपल्या तळमजल्यावरच्या मावशींचं माहेरचं नाव. कॉलेजात चॅम्पियन होत्या त्या. कपाटात कप आहेत." ग्रंथपालांना तिथल्या तिथे तिची पाठ थोपटावीशी वाटली. तिनेच खाली जाऊन आमंत्रण दिलं, तिनेच होकार आणला. आता पुस्तिका छापून झाली होती, आणि मुखपृष्ठावर मावशी प्रसन्न हसत होत्या.

ग्रंथपालांनी टॅक्सीतून बायकोला फोन लावला. आवाज शक्य तितका खाली ठेवून ते म्हणाले, "मावशी कोणतं टेनिस खेळायच्या?"

"म्हणजे? टेनिस ते टेनिस."

"त्या 'टेबल' असं काही म्हणाल्या होत्या का?"

"म्हणाल्या असतील. मला वाटलं, टेबल पुसून घेते असं काहीतरी म्हणतायत. माझं अर्धं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे होतं."

मावशींनी हे सगळं शांतपणे ऐकलं. त्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या होत्या. सगळी नोकरी तक्रारींच्या खिडकीवर काढलेली, त्यामुळे घाबरलेला माणूस त्यांना नवा नव्हता.

"म्हणजे तुम्हाला दुसरीच कुणी हवी होती," त्या म्हणाल्या. "मग असं करा, मला इथेच सोडा. मी बसने जाते घरी. म्हणावं, तब्येत बिघडली."

हा अगदी रास्त मार्ग होता. ग्रंथपालांनी ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावायला हात उचललाही. पण तेवढ्यात टॅक्सी थांबली, बाहेरून कुणीतरी दार उघडलं, आणि एक भलामोठा पुष्पगुच्छ आत शिरला. त्याच्यामागे प्राचार्या बाई होत्या.

"या, या. आम्ही डोळ्यांत प्राण आणून वाट बघतोय," त्या मावशींना म्हणाल्या आणि त्यांना हाताला धरून बाहेर काढलं.

"बाई, जरा एक मिनिट," ग्रंथपाल दुसऱ्या दाराने उतरून धावले. "एक छोटीशी अडचण..."

"अडचणी नंतर. आधी आनंदाची बातमी ऐका. पेपरात कार्यक्रमाचं वाचून पहिल्या वर्षीच्या उपविजेत्या बाईंचा फोन आला. पहिली विजेती येणार असेल तर मीही येणार, म्हणाल्या. सकाळपासून येऊन बसल्यात. पन्नास वर्षांनी दोघींची भेट होतेय. फोटोग्राफरला सांगून ठेवलंय."

एका विजेतीची थाप एखाद्या वेळेस पचली असती. पण जिने त्या विजेतीला जाळीच्या पलीकडे उभं बघितलं होतं, ती बाई पहिल्या रांगेत बसली होती. पांढरे बूट, उन्हाची टोपी, ताठ पाठ. मावशींना पाहताच ती उठली, जवळ आली आणि चष्मा वर-खाली करत तिने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. ग्रंथपालांनी मनातल्या मनात राजीनाम्याचा मायना जुळवायला घेतला.

"खूप बदललीस," उपविजेत्या बाई म्हणाल्या.

"वय झालं," मावशी म्हणाल्या, आणि हे काही खोटं नव्हतं.

"उंचीसुद्धा कमी झालीय."

"ती तर सगळ्यांचीच होते."

"हं. मला तुझ्याशी बोलायचंय. पण सगळ्यांच्या समोर." एवढं म्हणून उपविजेत्या बाई परत आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. ग्रंथपालांना वाटलं, फाशी तूर्त टळली, पण दोर बदलायला गेलेत.

अंतिम सामन्याला सुरुवात करून देण्यासाठी पहिला चेंडू पहिल्या विजेत्या बाईंनी मारायचा, असं कार्यक्रमपत्रिकेत होतं. ही कल्पना ग्रंथपालांचीच. मावशींना कोर्टावर नेऊन हातात रॅकेट दिली गेली. त्यांनी ती एकदा तोलून पाहिली. एवढं जड हत्यार त्यांच्या हातात पहिल्यांदाच आलं होतं. त्या ग्रंथपालांकडे वळून हळूच म्हणाल्या, "हे कुठे धरतात?"

"कुठेही धरा. फक्त पलीकडे गेला पाहिजे."

मावशींनी रॅकेट अगदी गळ्याशी धरली, गुडघ्यात किंचित वाकल्या, डाव्या तळहातावर चेंडू ठेवून हलकेच वर उडवला आणि आयुष्यभराच्या सवयीने जी सर्व्हिस करायची तीच केली. चेंडू आधी त्यांच्याच बाजूला आपटला, तिथून गिरकी घेत जाळीवरून पलीकडे गेला, जमिनीला टेकला आणि सरळ जायचं सोडून काटकोनात वळला. पलीकडे उभी असलेली अंतिम फेरीची खेळाडू रॅकेट उगारून भलतीकडेच धावली.

प्राचार्या बाईंनी ध्वनिक्षेपकावर हात ठेवून ग्रंथपालांकडे पाहिलं. "हे काय होतं?"

ग्रंथपालांच्या मनात खरं सांगायचंच होतं. तोंडून मात्र निघालं, "जुनी पद्धत, बाई. त्या काळी..."

त्यांचं वाक्य पूर्णही झालं नव्हतं. प्राचार्या बाई ध्वनिक्षेपकावर गरजल्या, "आत्ता आपण पाहिली ती पन्नास वर्षांपूर्वीची सर्व्हिस. आजच्या मुलींना ही दुर्मीळ कला पाहायला मिळाली." टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. एका वार्ताहराने येऊन ग्रंथपालांना विचारलं, या सर्व्हिसला नाव काय. ग्रंथपाल म्हणाले, नाव अजून संशोधनाधीन आहे. तिघी मुली मावशींकडे ती सर्व्हिस शिकायला जमल्या. मावशींनी त्यांना मनगट कसं फिरवायचं ते समजावून सांगायलाही सुरुवात केली, तेव्हा ग्रंथपालांनी त्यांना अक्षरशः ओढून व्यासपीठावर आणलं.

सामना झाला, बक्षिसं झाली. मावशींना स्मृतिचिन्ह मिळालं. मग उपविजेत्या बाई उठल्या आणि कुणी बोलावलेलं नसताना ध्वनिक्षेपकापाशी गेल्या.

"मी भाषण करायला आले नाही," त्या म्हणाल्या. "मला एक प्रश्न विचारायचाय. शेवटचा गुण चालू होता. मी रेषेलगत एक फटका मारला. तो आत पडला. माझ्या डोळ्यांनी पाहिला मी, खडूची धूळ उडाली होती. पंच म्हणाले बाहेर. पंचांच्या डोळ्यांवर ऊन होतं. पण ही," त्यांनी मावशींकडे बोट केलं, "ही चेंडूच्या दोन पावलांवर उभी होती. हिने एक शब्द काढला नाही. मी घरी जाऊन आईला सांगितलं, आई म्हणाली जाऊ दे. नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला जाऊ दे. मुलांना सांगितलं, ती आता मी तोंड उघडायच्या आधीच म्हणतात जाऊ दे. आज हिने सांगावं. चेंडू आत होता की बाहेर?"

प्राचार्या बाईंचा चेहरा उतरला. फोटोग्राफरने कॅमेरा खाली केला. ग्रंथपालांना कळून चुकलं, की आता लपवण्यात अर्थ नाही. ते उठले, पण त्यांच्याआधी मावशी उठल्या होत्या.

मावशींसमोर एक तक्रार घेऊन आलेली बाई उभी होती, आणि तक्रार घेऊन आलेल्या माणसाला नक्की काय हवं असतं हे त्यांना पाठ होतं. त्या उपविजेत्या बाईंच्या जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. तुम्हाला फार त्रास झाला. इतकी वर्षं कुणी नीट ऐकूनसुद्धा घेतलं नाही."

"पण चेंडू?"

"तुम्ही आत पाहिलात ना? मग आतच असणार."

मावशींनी हातातलं स्मृतिचिन्ह त्यांच्या हातात दिलं. उपविजेत्या बाईंनी ते घेतलं. त्यांनी टोपी काढली आणि सगळ्यांदेखत मावशींच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्यांच्याबरोबर आलेला त्यांचा मुलगा तिसऱ्या रांगेत उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात जोडून आकाशाकडे पाहिलं. पन्नास वर्षं घरात उसळत राहिलेला तो चेंडू अखेर जमिनीला टेकला होता. मुली उठून टाळ्या वाजवत होत्या, प्राचार्या बाई रुमालाने डोळे टिपत होत्या.

"ग्रंथपाल," त्या म्हणाल्या, "पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत हे सगळं आलं पाहिजे."

ग्रंथपाल गर्दीतून निसटून मंडपाच्या मागे गेले आणि पाण्याच्या पिंपाजवळच्या बाकावर मटकन बसले. त्यांना सुटल्यासारखंही वाटत होतं आणि घामही फुटला होता. त्यांनी एकाच दुपारी एक सर्व्हिस शोधून काढली होती आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या सामन्याचा निकाल फिरवला होता. इतिहासकारांना एवढं करायला पिढ्या लागतात.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक उंच आजी संत्रं सोलत बसल्या होत्या. अंतिम सामन्यात हरलेली मुलगी त्यांची नात होती. तिची रॅकेटची पिशवी त्यांच्या पायाशी ठेवलेली होती.

"पुस्तिका तुम्ही लिहिलीत?" आजींनी विचारलं.

"हो."

"चांगली झालीय. पान तीनवर माझं माहेरचं नाव आहे. फोटो मात्र दुसऱ्याच कुणाचा छापलाय."

ग्रंथपालांनी डोळे मिटले. उघडले तरी आजी तिथेच होत्या.

"आजी, मी आत्ता जातो आणि सगळं सांगतो," ते उठत म्हणाले. "चूक माझी आहे. सत्कार तुमचा होता. तुम्ही चला माझ्याबरोबर."

"बसा खाली," आजी म्हणाल्या आणि त्यांच्या हातावर संत्र्याच्या दोन फोडी ठेवल्या. "मी इथे का बसलेय असं वाटतं तुम्हाला? ती पांढऱ्या बुटांची बाई दिसली आणि मी मंडपाच्या मागे पळाले. नातीचा दुसरा सेटसुद्धा कनातीच्या फटीतून पाहिला. लग्नानंतर दोनदा तिने मला गाठायचा प्रयत्न केला. एकदा लग्नसमारंभात, एकदा दवाखान्यात. दोन्ही वेळा मी मागच्या दाराने सटकले. टेनिस सोडलं तेही तिच्याच धास्तीने. आज तुमच्या त्या बाईंनी मला मोकळं केलं हो. कोण आहेत त्या?"

"आमच्या तळमजल्यावर राहतात. माहेरचं नाव तुमचंच, पण टेबल टेनिस खेळायच्या."

"वाटलंच. सर्व्हिस सुरेख होती." आजींनी सुस्कारा टाकला आणि पाय लांब केले. "तुमच्या प्राचार्या बाईंना काय ते सांगा, पण उद्या सांगा. त्या पांढऱ्या बुटांना आजची रात्र सुखाने झोपू दे. मलाही."

ग्रंथपालांनी एक फोड तोंडात टाकली. संत्रं गोड निघालं. सकाळपासून त्यांनी काहीच खाल्लं नव्हतं. दुसरी फोड संपली तेव्हा त्यांच्यातला इतिहासकार हळूच जागा झाला.

"आजी, हे मी कुठेही लिहिणार नाही. पण तेव्हा तुम्ही एकदा सांगून का नाही टाकलंत? आत तर आत, बाहेर तर बाहेर."

"काय सांगणार होते?" आजी म्हणाल्या. "तिचा तो फटका सुसाट अंगावर येताना दिसला, आणि मी डोळे गच्च मिटून घेतले."