देवरावांचे चार सेंटिमीटर

मोजून सांगायचं तर त्या सकाळी नेर गावाबाहेरच्या मैदानात प्लास्टिकच्या खुर्च्या सहा होत्या, त्यांतली एक तीन पायांची. मंडप एक, लॅपटॉप एक, ड्रोन एक, भरलेल्या बॅटऱ्या चार, पोह्यांच्या प्लेटा आठ आणि गुंतवणूकदार दोन. चुकायला जागा शून्य. हा शेवटचा आकडा मैत्रेयीचा.

मैत्रेयी भौतिकशास्त्राची एमएस्सी. वर्गमित्र संघदीपला सोबत घेऊन तिनं 'पूर्वझेप' नावाची कंपनी काढली होती. ड्रोन बनवणाऱ्यांनी आपला ड्रोन आधी हिच्या संगणकात उडवायचा. ओझं किती, वारा किती, ऐन वेळी जीपीएस गेला तर वारा त्याला ढकलत कुठं नेऊन उतरवेल, हे संगणक सांगणार. "आमच्याकडं ड्रोन पडायचा तो संगणकात पडतो, लोकांच्या वावरात नाही," हे वाक्य तिनं आरशासमोर इतक्यांदा म्हटलं होतं, की आरसासुद्धा पैसे गुंतवायला तयार झाला असता.

संगणक खरं सांगतो याला पुरावाही होता. बावन्न वेळा खरा ड्रोन उडवून पाहिला होता. मैत्रेयी मंडपात लॅपटॉपवर, संघदीप शेजारी रिमोट धरून, आणि ऐंशी मीटर लांब, मैदानाच्या त्या टोकाला, वही घेऊन तिचे बाबा देवराव. संगणक सांगेल तिथं देवरावांनी आधी चुन्याची फुली मारायची, ड्रोन उतरला की फुलीपासूनचं अंतर मोजायचं आणि ड्रोन उचलून परत आणायचा. देवराव तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर होते. मोजमापाला याहून भरवशाचा माणूस कुठून आणणार?

बावन्न उड्डाणांत सरासरी फरक आला चार सेंटिमीटर. पहिल्यांदा तो आकडा पाहिला तेव्हा मैत्रेयीच्या मनात पाल चुकचुकली होती, नाही असं नाही. पण तू हुशार आहेस असं सांगणाऱ्या आकड्याशी कोण भांडत बसतं?

गुंतवणूकदारांपैकी उर्वशी मॅडम नागपूरच्या, स्वतः इंजिनिअर, बोलायच्या कमी. दुसरे पुंडलिकराव, पांढरकवड्याचे कापूस-जिनिंगवाले, खायचे जास्त. पैसे दोघं मिळून देणार होते, पण मॅडम हो म्हणाल्या तरच. नाही म्हणाल्या तर मैत्रेयी जूनमध्ये पुण्याला नोकरीवर रुजू होणार आणि 'पूर्वझेप' बंद.

तिनं सुरुवात दणक्यात केली. "याच गावच्या कॉलेजात मी लंबकाचा प्रयोग केला. गुरुत्वाकर्षणाचं उत्तर आलं नऊ पॉइंट एक्क्याऐंशी. पुस्तकात आहे तेवढंच. त्या दिवशी कळलं, मी मोजण्यासाठीच जन्मले."

पुंडलिकरावांनी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता मान डोलावली. उर्वशी मॅडम वही चाळत होत्या.

"बावन्नात सगळ्यात मोठा फरक सात सेंटिमीटर?"

"हो, मॅडम."

"वाऱ्यातसुद्धा?"

"वाऱ्यातसुद्धा."

"एकदा दाखवा."

मैत्रेयी याचीच तर वाट बघत होती. संगणकानं जागा सांगितली, देवरावांनी फुली मारली, आणि वही-पोह्यांसकट सगळी मंडळी चालत फुलीजवळ आली. मंडपापाशी राहिलेल्या संघदीपनं ड्रोन उडवला आणि ठरल्याप्रमाणे मध्येच जीपीएस बंद केला. ड्रोन आला, वाऱ्याबरोबर फुलीवरून निघूनही गेला. दुसऱ्याच्या लग्नात चुकून शिरलेल्या पाहुण्यासारखा, कुणाकडं न बघता. कुंपणाजवळ कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग होता, त्यावर खुडुक कोंबडीसारखा जाऊन बसला.

फुलीजवळ उकिडवे बसलेल्या देवरावांनी मॅडमच्या हातून वही अदबीनं घेतली, कानामागचं पेन काढलं आणि लिहिलं: पाच.

"देवरावभाऊ," पुंडलिकराव म्हणाले, "ड्रोन तं तिकडं गेला नं."

"हो जी. वारा लय होता. म्हणून तं पाच लिवले, नाही तं तीन लिवतो मी."

मैत्रेयीचे कान तापले. "बाबा, तुम्ही मोजत नव्हते?"

"मोजाचं काय त्यात? उत्तर तं तू आधीच सांगून राह्यली होती."

"मग ते तीन, चार, सात?"

"थोडा फरक ठेवा लागते, बेटा. सगळंच बरोबर आलं तं परीक्षकाले शक येते." मग ते मॅडमकडं वळले आणि जाणकारानं जाणकाराला सांगावं तसं म्हणाले, "तीस वर्षं प्रॅक्टिकल काढले जी म्या. एकाही लेकराचं उत्तर आठ पॉइंट दोन येऊ देलं नाही. परीक्षकाचा चहा ठेवता ठेवता लेकराच्या कानात आकडा सांगाचा."

पुंडलिकरावांचा चमचा हवेतच थांबला. "थांबा बरं. मी नेरले मामाकडं शिकत होतो, पंच्याण्णवची बॅच. माह्यं नऊ पॉइंट आठ तुम्हीच काढून देलं का जी?"

"तुमचं चौदा आलतं," देवराव म्हणाले. "ते ध्यानात राह्यलं."

पुंडलिकराव इतके हसले, की पोहे सांडले. मैत्रेयीला एकच आधार उरला होता. तिनं हळूच विचारलं, "पण माह्यं तं मीच काढलं होतं नं, बाबा?"

देवरावांनी पहिल्यांदा नजर चुकवली. "तुह्यं नऊ पॉइंट चार येत होतं. वाईट नव्हतं तसं. पण सरांनी परीक्षकाले सांगतलं, हे आमच्या परिचराची पोरगी. मंग मले वाटलं, नऊ पॉइंट आठ तं सगळ्याईचंच येते. म्हणून घड्याळ म्या धरलं अन् तुले एक्क्याऐंशी येईन असेच सेकंद सांगतले."

एमएस्सी, शिष्यवृत्ती आणि दर भाषणाची सुरुवात, सगळं त्या एका एक्क्याऐंशीवर उभं होतं. मंडपाला निदान बांबू तरी चार होते. उर्वशी मॅडम रागावतील तर बरं, असं तिला वाटलं. त्या रागावल्या नाहीत.

"या वहीवर मी पैसे देणार नाही," त्या म्हणाल्या. "जूनला चार महिने आहेत. आजचं उड्डाण पहिलं धरा. पन्नास झाले की आकडे पाठवा. कसेही असोत."

मैत्रेयीला मान वर करता येईना. खाली बघतच तिनं 'पाच' खोडला. "बाबा, टेप द्या."

देवरावांनी पिशवीतून टेप काढला. दुकानातलं प्लास्टिक त्यावर तसंच होतं. ते त्यांनी दातांनी फाडलं. "तू कायले त्या पऱ्हाट्याईत जातं? मी जातो."

"तुम्ही फुलीवर धरा."

ती ढिगात शिरली. हातांवर ओरखडे उठले, ओढणी दोन ठिकाणी अडकली. तीस मीटरचा टेप पुरला नाही, तो दोनदा लावावा लागला.

"किती लिवू?" देवरावांनी तिकडून विचारलं.

"थांबा, सांगते."

तिनं ड्रोनच्या मध्यावर बोट ठेवलं, आकडा दोनदा वाचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगितला.

उड्डाण पहिलं. फरक: एकतीस मीटर, चाळीस सेंटिमीटर.