मारेगावच्या भिंतीवरचे दिवाण

ही गोष्ट २०१८ सालची, मारेगावला घराघरांत कापूस येऊन पडला होता तेव्हाची.

कळंबचे सदाशिवराव आपल्या नातीसाठी, आभासाठी, मुलाचं घर पाहायला गेले. मुलगा, पियुष, आभानं स्वतःच पसंत केला होता. तेवढ्यावरूनच सदाशिवरावांना संशय होता. त्यांच्या होकाराशिवाय घरात काही ठरत नसे.

"आबा, तिथं तपासणी नका करू हं," आभानं निघताना विनवलं होतं.

सदाशिवरावांना छंद एकच. सव्वाशे वर्षांपूर्वी, इंग्रजांच्या राणीच्या ज्युबिलीच्या सुमाराला, थोरामोठ्यांचे फोटो जाड पुठ्ठ्याच्या कार्डांवर विकायला येत आणि हौशी लोक ते अल्बमात लावत. तशा एका संचाची अकरा कार्डं त्यांच्याकडे होती. बारावं, एका संस्थानाच्या दिवाणांचं, तीस वर्षं शोधूनही मिळालं नव्हतं.

ते पियुषच्या घरी भिंतीवर होतं. चौकटीत, हार घालून.

"हे कोण?"

"आमचे खापरपणजोबा," पियुषचे वडील पुंडलिकराव म्हणाले. "पन्नास एकराचे मालक व्हते."

"आणि छातीवर ही पदकं?"

"भेटली असतीन कापसासाठी."

सदाशिवरावांचा पोह्यांचा चमचा थांबला. खापरपणजोबाच खोटे, तर मुलाची पदवी खरी कशावरून? त्यांनी मार्कशीट मागितली. मग सातबारा. मग विहिरीला पाणी किती, ते विचारलं.

"हे सोयरीक जोडाले आले का धाड टाकाले?" पुंडलिकराव पियुषच्या कानात म्हणाले, पण आवाज वावरातला, सगळ्यांना ऐकू गेला.

विहीर दाखवायला सगळे उठले. सदाशिवराव "गुडघे दुखतात" म्हणून मागे राहिले आणि लगेच स्टुलावर चढले. कार्डामागचा छाप पाहायला त्यांनी फोटो खिळ्यावरून उतरवला, तोच पियुषची आजी, कोकिळाबाई, चहा घेऊन आल्या.

"अगं माय! काय करून राह्यले तुम्ही?"

"हे तुमचे कोणी नाहीत," हार गळ्यात अडकलेले सदाशिवराव म्हणाले. "हे दिवाण आहेत."

कोकिळाबाईंनी दार लोटलं. "मले माहीत हाये. सासऱ्यायले त्यायच्या आज्याचा फोटो पायजे व्हता. फोटो कोठचा? यवतमाळच्या बजारात हा भेटला. सासरे म्हणे, मिशा जुळते." मग त्यांनी रोखून पाहिलं. "तुम्ही सांगसान त पोराची इज्जत जाईन. लग्नही मोडन."

"नाही सांगणार. पण हे कार्ड मला द्या."

"अन् भिंतीवर का तुमचा फोटो लावू?"

"माझ्याकडे एक जादा आहे. मुंबईचे नगरशेट. मिशा आहेत."

"फेटा?"

"पगडी."

कोकिळाबाईंनी विचार केला. "चालते. हार जाड घालू."

साखरपुड्याला सदाशिवराव नगरशेट घेऊन गेले आणि दिवाण घेऊन आले.

उन्हाळ्यात आभा-पियुषचं लग्न झालं. कोकिळाबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, गुपितासकट. पुंडलिकराव पाहुण्यांना पदकांची गोष्ट अजून सांगतात. फोटोत आता पदकं नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलेलं नाही. दिवाण अल्बमात बाराव्या जागी आहेत.

आभाचा मुलगा चार वर्षांचा झाला. सगळे म्हणतात, नाक अगदी भिंतीवरच्या आजोबांचं. सदाशिवराव आधी मनात हसले. मग गेल्या दिवाळीला भिंग घेऊन त्यांनी एकदा पोराकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. नाक खरंच तेच होतं.

तेव्हापासून, त्या नगरशेटांचं मारेगावला कधी येणं-जाणं होतं का, याची ते चौकशी करत आहेत.